कडक मंगळ, सौम्य मंगळ

आमच्या घरात पहिली जन्मपत्रिका मी आणली. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे मी कुणाकुणावर चिडलेला दिसेन, तेव्हा वाचणाऱ्याने हे वाक्य विसरू नये.

आम्ही मुर्री गावाच्या कडेला राहतो. गोंदिया शहर जिथे संपतं आणि धानाच्या बांध्या सुरू होतात, तिथे. आजोबांच्या पिढीने धम्म घेतला तेव्हा घरातले देव बोडीत, म्हणजे गावतळ्यात, सोडले आणि पंचांग चुलीत घातलं. तेव्हापासून आमच्या वस्तीत जन्माची वेळ लिहून ठेवायची पद्धतच गेली. पोरगं धानाच्या रोवणीत झालं, पोरगी धान चुरायच्या, मळणीच्या वेळी झाली, एवढ्यावर भागायचं. फक्त माझ्या ताईची गोष्ट वेगळी होती. बाबा राइसमिलमध्ये हमाल होते. ताई घरीच झाली, सुईणीच्या हातावर, आणि ती पहिल्यांदा रडली नेमका तेव्हाच मिलचा सकाळचा आठचा भोंगा वाजला. बाबा गेल्यावर आई ही गोष्ट जास्तच सांगू लागली. भोंगा, रडणं, आणि कामावर जायचं सोडून दारात उभे राहिलेले बाबा. तारीख, वेळ, ठिकाण, सगळं पक्कं.

तेच पुढे नडलं.

मी ज्या गटात काम करतो त्यात आम्ही दहा-बारा जण आहोत. कुणाच्या अंगात आलं, कुणावर करणी झाली, कुणाच्या बाईला चेटकीण म्हटलं, की तिथे जातो, भांडतो, पत्रक काढतो. लिहायला मी पत्रकातच शिकलो. पहिल्या ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत आरोप, तिसऱ्या ओळीत पुरावा. कागद गुलाबी, कारण छापखान्यात तोच नेहमी उरलेला असतो. अजूनही माझं लिहिणं तसंच आहे. सुधारायचा प्रयत्न केला, जमला नाही.

त्या वर्षी आपलं यान चंद्राकडे निघालं होतं आणि आमच्या रागाला पंडितजी सापडले होते.

पंडितजींचं दुकान बाजारातल्या गल्लीत. डोळ्यांसमोर जो ज्योतिषी येतो तसे ते नाहीत. इस्त्रीचा शर्ट, टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी प्रिंटर. जन्मवेळ टाकली की दोन मिनिटांत रंगीत पत्रिका बाहेर. यान निघालं त्या आठवड्यात त्यांनी दुकानाची पाटी बदलली. डावीकडे रॉकेट, उजवीकडे नऊ ग्रह, मध्ये मोठ्या अक्षरांत ‘अंतरिक्ष युग का ज्योतिष’.

त्या पाटीखालून मी रोज जायचो आणि रोज माझं डोकं फिरायचं. माणसाने ग्रहापर्यंत यान पोचवलं, तिथली माती तपासली, फोटो काढले. यावर ज्योतिषाने लाजायला हवं होतं. ते लाजलं नाही. त्याने रॉकेटचं चित्र लावलं. मागच्या खेपेला आपलं यान चंद्रावर आदळलं तेव्हा ते बनवणारे डोळे पुसत कॅमेऱ्यासमोर उभे राहिले होते. पंडितजींनी मात्र गिऱ्हाइकांना सांगितलं की मुहूर्त चुकला. या खेपेला त्यांनी आधीच सांगून ठेवलं, योग उत्तम आहे, पण चंद्र चंचल आहे. म्हणजे उतरलं तरी त्यांचंच भविष्य खरं आणि आदळलं तरी त्यांचंच. मंगळाभोवती आपलं यान वर्षानुवर्षं फिरलं आणि शेवटी गप्प झालं. त्यावर पंडितजींचं ठरलेलं वाक्य होतं, “यान चुप हो गया, भाऊ, मंगळ चुप नाही झाला.” लोक हसायचे आणि शांतीची तारीख घेऊन जायचे.

मी ठरवलं, ह्यांना उघडं पाडायचं. आमच्यातले तीन जण तीन वेगवेगळ्या दिवशी पाठवायचे. तिघांनी एकच जन्मवेळ द्यायची, नावं वेगळी सांगायची. मग पंडितजी काय बोलतात ते लिहून घ्यायचं.

अडचण एकच होती. पक्की जन्मवेळ कुणाकडेच नव्हती. माझ्याकडे ताईची होती. खोटी वेळ का नाही बनवली, असं ताईने मला नंतर विचारलं. खोटी चालली असती. कुठलीही चालली असती. पण मला वाटलं, आपण खऱ्यासाठी लढतो तर आपला पुरावाही खरा पाहिजे. असा मूर्खपणा साधा माणूस करत नाही. त्याला कार्यकर्ताच लागतो.

ताईला विचारलंही नाही. ती मेडिकलच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर उभी. संध्याकाळी घरी येऊन पाय वर करून पडते. तिला विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सापळा मस्त बसला. तिघांनाही हुबेहूब एकच पत्रिका मिळाली, कारण यंत्र खोटं बोलत नाही. पंडितजी बोलले. पहिल्याला म्हणाले, मंगळ आहे, पण सौम्य आहे, लग्नाची काळजी नको. दुसऱ्याला म्हणाले, ह्या मंगळाने तर ताकद दिली आहे, जमिनीच्या धंद्यात पड. तिसरी आमच्या गटातली पोरगी होती. तिला खुर्चीवर नीट बसवून, पाणी देऊन हळू आवाजात म्हणाले, “बेटी, कडक मंगळ आहे. पतीच्या जिवावर आहे. मंगळाचाच मुलगा बघा, दुसरा नको.”

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. ‘मंगळावर यान गेलं, तेव्हा मंगळाने कुणाचा नवरा खाल्ला? तारीख एक, वेळ एक, पत्रिका एक. पोराला सौम्य, पोरीला कडक, नवऱ्याच्या जिवावर. हा ग्रह आहे की जातपंचायत?’ खाली पत्रिकेचा फोटो. नाव खोडलेलं. तारीख, वेळ आणि ‘गोंदिया’ ह्या तीन गोष्टी तशाच, कारण पुरावा अर्धा दाखवला तर लोक म्हणतात बनावट आहे. नाव खोडलं की माणूस झाकला जातो, अशी माझी समजूत होती.

आता ताईच्या लग्नाचं सांगतो.

आमच्याकडे लग्न जमवताना खरंच बघावी अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे रक्त. ह्या भागात सिकलसेल घराघरात आहे. ज्याच्या रक्तात त्याचा अर्धा दोष असतो त्याला वाहक म्हणतात. वाहक धडधाकट असतो, त्याला स्वतःला काही होत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते की मूल आजार घेऊनच जन्माला येईल. मग जन्मभर हाडं दुखणं, सांधे दुखणं, रक्त चढवणं. ताई वाहक आहे हे कॉलेजातल्या तपासणीत कळलं होतं. तिला लागत होता फक्त कोऱ्या रक्ताचा नवरा. एवढी एकच अट घेऊन आम्ही चार वर्षं फिरलो. अट सांगितली की पाहुणे पोहे संपवून उठायचे. मागाहून निरोप यायचा, पोरीत काही खोट आहे म्हणे.

मग एक मिळाला. इटियाडोह धरणाच्या कालव्याकडचं गाव, आमच्याच समाजाचा, वायरमन. त्याने कुणी न सांगता स्वतःच तपासणी केली आणि रिपोर्टचा फोटो ताईला पाठवला. कोरा. खाली लिहिलं होतं, ‘पास झालो.’ ताई तो फोटो उघडून बघायची. मी दोनदा पाहिलं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दिवाळीनंतर ठरलं.

यान उतरलं त्या संध्याकाळी आम्ही शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला होता. रोवण्या आटोपल्या होत्या, माणसं मोकळी होती, दोनशेवर लोक जमले. वायरमन मोटारसायकलवर एवढ्या लांबून आला. यान उतरलं तेव्हा तो बाकावर उभा राहून टाळ्या वाजवत होता. ताई बायांच्या बाजूला बसली होती, ती यानाकडे कमी आणि बाकाकडे जास्त बघत होती. लोक उठायच्या आत मी माइक घेतला आणि पंडितजींना सोलून काढलं. पत्रकं हातोहात गेली. वायरमन म्हणाला, “मले दहा-पंधरा दे गा. आमच्या गावातबी लावतो.” मी त्याला अख्खा गठ्ठा दिला.

पाच-सहा दिवसांनी त्याचा फोन आला. ताईला नाही, मला.

“भाऊ, ते पत्रकावरची पत्रिका कोनाची आहे?”

“काऊन? तुले बी काढायची आहे का?” मी हसलो.

“नाई गा. आई विचारून राहिली. आमच्याकडं तुमच्या बहिनीचा बायोडाटा आहे ना. तारीख तेच आहे. गोंदियाच लिवलं आहे.”

योगायोग आहे, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी म्हणालो, “तिचीच आहे. खरी आहे म्हणून तर पंडित फसला.”

पलीकडे त्याने दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “आमी नाई मानत. मी तर अजिबातच नाई मानत. पन आईनं वाचलं ना आता. नवऱ्याच्या जिवावर, असं छापलं आहे तुमी.”

“ते खोटं आहे हे सांगायलाच छापलं. तुमच्या घरी बुद्धाची मूर्ती आहे का नाही?”

“आहे ना. तिथंच बसून रडून राहिली ते.”

आठ दिवसांत निरोप आला की पोराला एवढ्यात लग्न करायचं नाही. ताईने कामावरून आल्यावर माझ्याकडे पत्रक मागितलं. तिने ते तोवर वाचलंच नव्हतं. उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

“छपाई चांगली आली,” ती म्हणाली. “भोंग्याचा टाइमबी साफ वाचता येते.”

मी म्हणालो, “असल्या घरात गेली नाहीस ते बरं झालं. एवढ्यावर जो माघार घेतो तो—”

“तू गप राहा.”

मी दुसऱ्या दिवशी पंडितजींच्या दुकानात भांडायला गेलो. शटर अर्धं खाली होतं, आत ते एकटेच होते. मला वाटलं होतं, हाकलून देतील. त्यांनी खुर्ची पुढे केली.

“बैठो, भाऊ. चाय सांगू?”

“तुमच्यामुळे माझ्या बहिणीचं लग्न मोडलं.”

“मी तुमच्या बहिणीला पाहिलं नाही. तिची पत्रिका आहे हे मला तुमच्या तोंडूनच समजून राहिलं. मी तर बंद खोलीत एका मुलीला सांगितलं. गावागावात तुम्ही वाटलं.”

मी म्हणालो, “एकच पत्रिका, पोराला सौम्य आणि पोरीला कडक कशी?”

“पोराची माय कधी विचारायला येते का, माझा मुलगा सुनेच्या जिवावर आहे का म्हणून? येत नाही. विचारतात तेवढंच सांगतो.” ते हे असं सहज बोलले, चोरटेपणा नाही, लाज नाही. “आणि तुमचे ते रॉकेटवाले. तेही म्हणाले ना, अमुक दिवशीच उडेल, अमुक वेळीच उतरेल, तिथे सूरज निकलेल तेव्हाच. मुहूर्तच झाला की.”

“ते उजेडासाठी आहे. यानाला उन्हावर वीज मिळते. तुम्ही कुणालाही विचारा, ते कारण सांगतील.”

“मीही कारणच सांगतो. तुम्हाला पटत नाही, एवढंच.”

उन्हावर चालणारं यंत्र आणि नवऱ्यावर चालणारा ग्रह ह्यांत फरक काय, तो मी त्यांना सांगितला. जोरात सांगितला. बाहेर दोन बाया थांबल्या होत्या, त्या मी जायची वाट बघत होत्या.

माझ्या पिशवीतली मूळ रंगीत पत्रिका कुठे गेली ते मला बरेच दिवस कळलं नाही. ती आईने काढून घेतली होती. तांदळाच्या कोठीमागे ठेवली होती आणि एका दुपारी पदराखाली घेऊन आईच पंडितजींकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदा. माझी आई, जिने बावीस प्रतिज्ञा आम्हाला पाढ्यासारख्या पाठ करून घेतल्या होत्या. तिने मला नंतर सांगितलं, “तुनंच तर आनली घरात. मले काय मालूम होतं तवापर्यंत. आता मालूम झालं तर डोरे झाकून बसू का?”

पंडितजींच्या वहीत आमच्या समाजाची बरीच घरं निघाली. आम्हाला पत्ता नव्हता. बाहेर पंचशीलाचा झेंडा आणि आत कोठीमागे पत्रिका. तिथूनच दुसरं स्थळ आलं. मुलगा राइसमिलमध्ये मशीन चालवतो. त्यालाही मंगळ. मंगळाला मंगळ लागला की दोष कटतो म्हणे. माणूस सरळ होता. दारू नाही, बोलणं कमी. मी हात धरून त्याला तपासणीला नेलं. तो आला, नाही म्हणाला नाही.

रिपोर्ट आला. वाहक.

त्या संध्याकाळचं मला सगळं आठवतं. आई तांदूळ निवडत होती, ताई नुकतीच आली होती, पायातली चप्पलही काढली नव्हती. मी रिपोर्ट खाटेवर ठेवला आणि म्हणालो, “झालं. हे लग्न होत नाही.”

आई म्हणाली, “काऊन होत नाही?”

मी समजावलं. शंभर ठिकाणी समजावलेलं तेच, आई-बाप, अर्धा दोष, चारात एक. आईने सूप खाली ठेवलं आणि सगळं ऐकलं. ती अडाणी नाही, सातवी झाली आहे.

मग तिने विचारलं, “म्हंजे होईनच असं नाही?”

“होईलच असं नाही. होऊ शकतं.”

“डॉक्टर खात्रीनं सांगत नाही?”

“खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही, आई.”

“पंडितजी खात्रीनं सांगून राहिले. बिनमंगळाच्या घरी देली तर जावई जगत नाही. खात्रीनं.” ती माझ्याकडे बघत होती, भांडायला नव्हे, खरंच विचारत होती. “हाबी कागद, तोबी कागद. दोन्हीबी पुढचं सांगून राहिले. तू एक मानतोस अन् एक फाडतोस. कोनता काऊन, ते मले नीट सांग.”

मी सांगायला लागलो. रक्त काचेवर घेऊन बघतात. कोणी कुठेही बघितलं तरी तेच दिसतं. चूक निघाली तर चूक म्हणतात. पंडितजींची चूक कधी निघतच नाही, तोच त्यांचा खोटेपणा. मी बोलत गेलो आणि मला दिसत गेलं की ह्यातलं एकही वाक्य तिच्या भीतीपर्यंत पोचत नाही. शास्त्र प्रामाणिक आहे म्हणून ‘कदाचित’ म्हणतं. फसवणारा ‘नक्की’ म्हणतो. पोरीच्या आईला ‘नक्की’ हवं असतं. हे वाक्य मी आधी कधी पत्रकात लिहिलं नव्हतं, कारण मला ते माहीतच नव्हतं.

शेवटी मी ताईकडे वळलो. “तू सांग हिला. तू तर रोज गोळ्या देतेस सिकलसेलच्या पोरांना काउंटरवरून.”

ताई चपलेचा पट्टा सोडत होती.

“चार वर्षं मी रक्त रक्त करत बसली,” ती म्हणाली. “एक भेटला होता. त्याचं काय झालं तुले ठावूक आहे. आता मी एकोनतीसची होऊन राहिली. अजून एक कोऱ्या रक्ताचा आनून दे मले. मंगळ विचारत नाही अन् रक्त कोरं आहे, असा. आन, मी थांबतो.”

मी सहा महिने मागून घेतले. मी खरंच फिरलो. भंडारा, देवरी, बालाघाटपर्यंत. रक्त कोरं होतं तिथे हुंडा होता, हुंडा नव्हता तिथे वय काढलं. दोन घरांनी पत्रकाचं विचारलं. ते गुलाबी कागद कुठे कुठे पोचले होते, मलाच माहीत नव्हतं. सहा महिने संपले तेव्हा ताईने मला काही विचारलं नाही. तिने आईला सांगितलं, हो म्हणून कळव.

लग्न विहारात लागलं. लग्नपत्रिकेवर वेळ साडेअकराची होती. साडेअकराला आईला हार सापडेना, मग मेणबत्त्या सापडेनात, मग मामा कुठे गेले म्हणून शोध सुरू झाला. भंतेजी घड्याळ बघत बसले. बारा वाजून सात मिनिटांनी सगळं एकदम सापडलं. बारा वाजून सात हा पंडितजींचा मुहूर्त होता, हे मंडपात अर्ध्याअधिक लोकांना ठाऊक होतं. मलाही कळलं. मी पंगतीत वाढत होतो, वाढत राहिलो.

भाऊजी चांगला माणूस आहे. हे लिहायला मला जड जातं, कारण ते वाईट निघाले असते तर माझं काम सोपं झालं असतं. ताईला दिवस गेले तेव्हा तिसऱ्या महिन्यात नागपूरला जाऊन गर्भाची तपासणी करता येते, हे मी दोघांनाही सांगितलं. भाऊजी तयार होते. ताई नाही म्हणाली. “निघालं तर काय करायचं ते मले ठरवावं लागन. मले नाही ठरवायचं. निघनार नाही.” मी वाद घातला नाही. वाद घालायची माझी जागा तिच्यापुढे उरली नव्हती.

मुलगी झाली. गोरीगोमटी, दाट केसांची. सहा महिने आम्ही सगळे विसरलोही होतो. आठव्या महिन्यात एका सकाळी तिचे दोन्ही हात आणि एक पाय सुजला. बोटं फुगून टम्म. हात लावला की किंचाळायची आणि नाही लावला तरी रडायची. रडून रडून तिचा आवाज गेला, तोंड उघडं आणि आवाज नाही. रिपोर्टमध्ये काय येणार हे ताईला पाहताक्षणीच कळलं होतं. तिच्या काउंटरवर अशी पोरं रोज येतात.

नंतरच्या महिन्यात पुन्हा तेच. आम्ही सरकारी दवाखान्याच्या पोरांच्या वॉर्डात होतो. एका खाटेवर ताई आणि तिची पोरगी, खाली सतरंजीवर आई, दाराशी भाऊजी. सलाईन लागलं होतं. ताई गरम पाण्यात फडकं बुडवून, पिळून पोरीच्या पायाला गुंडाळत होती. तरुण डॉक्टरबाई येऊन गेल्या. गोळी कोणती, पाणी किती पाजायचं, ताप आला तर घरी एक तासही थांबायचं नाही, सगळं नीट सांगून गेल्या. आईला वाईट बोलायची इच्छा नव्हती, तिने सहज सांगितलं, “पंडितजी भेटले होते बाजारात. म्हने, बघा, जावई सुखरूप आहे ना.”

आहे. भाऊजी धडधाकट दाराशी उभे होते. पंडितजींचं भविष्य खरं ठरलं होतं, आणि आता ते हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार.

मग आईने मला जवळ बोलावलं. हळूच विचारलं, ताईला ऐकू जाऊ नये म्हणून. पण खाट हातभर लांब होती.

“तू चारातून एक म्हनत होता ना? ते एक तर झाली आता. म्हंजे बाकीचे चांगलेच होतीन?”

माझ्या मनात आलं की हो म्हणावं. एकदा तरी खात्रीनं काहीतरी सांगावं, म्हातारी रात्री झोपेल. ताई फडकं पिळता पिळता थांबली होती.

“नाही, आई,” मी म्हणालो. “दरवेळी नव्यानं चारात एक. हिला झालं म्हणून पुढच्याला सूट नाही.”

आईने मान खाली घातली आणि सतरंजीचा दोरा ओढत बसली. ताईने फडकं पुन्हा पाण्यात टाकलं.

“नागपूरची ते तपासनी कोनत्या महिन्यात करतेत?” तिने विचारलं.

“तिसऱ्या. दहा-बारा आठवडे झाले की.”

“मंग पुढच्या हप्त्यात जावं लागन.”

भाऊजी दारातून आत आले. त्यांना माहीत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. आईला माहीत नव्हतं. ती “कोनाले?” म्हणाली आणि मग तिचं लक्ष ताईच्या पोटाकडे गेलं. मी फोन काढून नागपूरच्या गाड्या बघू लागलो, तिकिटं किती काढू म्हणून विचारलं. मी धरून तीन, असं माझ्या डोक्यात होतं.

“दोघांचंच काढ,” ताई म्हणाली. “तू हिच्याजवळ राहाजो.”